सत्तर टक्के मुलगा

आमच्या धाकट्या खोलीला रंग द्यायचा, एवढंच ठरलं होतं. ती खोली अशी की तिला खोली म्हणणं म्हणजे तिचा मान ठेवणं होतं. तिच्यात इस्त्रीचं टेबल, एक पाय गेलेली खुर्ची, माझे जुने शब्दकोश आणि व्यायामाची सायकल राहत असे. सायकलीवर आम्ही टॉवेल वाळत घालायचो. बायकोला आठवा महिना लागला तेव्हा ती म्हणाली, "हे सगळं हलव आणि भिंतींना काहीतरी बरा रंग दे. बाळाला आल्या आल्या पोपडे बघायला नकोत." मागणी वाजवी होती, म्हणून मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी वाजवी मागणीला हो म्हणण्यातूनच निघालेल्या आहेत.

रंगारी आला. त्याने भिंतीवर टकटक केलं, डॉक्टरांसारखा चेहरा केला आणि रंगांचं कार्ड काढलं. कार्डाच्या एका बाजूला निळे, दुसऱ्या बाजूला गुलाबी. मध्ये अंगठा ठेवून त्याने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"अजून व्हायचंय," मी म्हणालो.

"ते दिसतंय साहेब. पण रंग आत्ता द्यायचाय ना?"

बायको आतून म्हणाली, "बाळ आहे म्हणावं. तेवढं पुरे."

मला तिचं कौतुक वाटलं. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे काम मला नोकरी लागायच्या आधीपासून आवडतं. शब्दाचं लिंग चुकलं की माझ्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या अहवालात 'नफा झाली' असं माझ्या नजरेतून सुटलं आणि मी आठवडाभर नीट जेवलो नाही. कारखान्याच्या मालकांनी काही म्हटलं नाही, कारण नफाच झाला नव्हता. तर सांगायचं म्हणजे, 'बाळ' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. भाषेने एवढी सोय करून ठेवलेली असताना लोकांना घाई का, हे मला कळत नसे. दवाखान्यात मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानेच मनाई होती आणि आम्ही विचारलंही नव्हतं. घरात आम्ही दोघं 'ते' म्हणत होतो. ते लाथ मारतंय, ते झोपलंय, त्याला उचकी लागलीय. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग एकाच आठवड्यात माझी आई आणि माझ्या सासूबाई दोघीही मदतीला येऊन दाखल झाल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलगाच हवा किंवा मुलगीच हवी असा हट्ट दोघींपैकी कुणाचाही नव्हता. दोघींना हवं होतं ते आपलं म्हणणं खरं ठरणं. सासूबाईंनी दारातच बायकोला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मुलगा आहे. पोट खाली आहे." माझी आई दुसऱ्या दिवशी आली. तिने पोटाकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "मुलगी आहे. चेहरा उतरलाय. मुलगी आईचं रूप मागून घेते." बायकोचा चेहरा उतरला होता कारण ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये दिवसभर उभी राहून आली होती. पण हे कारण दोघींनाही फारच साधं वाटलं असावं.

त्यानंतर घरात जे घडे त्याचं चिन्ह होई. बायको लिंबू चाटे. सासूबाईंच्या शास्त्रात आंबट म्हणजे मुलगा, आईच्या शास्त्रात आंबट म्हणजे मुलगी. "आंबटाने मळमळ थांबते," बायको म्हणे. ते कुणी ऐकत नसे. छातीत जळजळ झाली की बाळाला केस भरपूर. जिना चढताना उजवा पाय आधी टाकला की मुलगा, म्हणून आई तिला मुद्दाम डाव्या बाजूने हाक मारी. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके जलद आहेत म्हटलं तेव्हा आईने दिवसभर गाणी गुणगुणली, कारण जलद म्हणजे मुलगी. संध्याकाळी सासूबाईंनी हळूच सांगितलं की जिना चढून गेलं की कुणाचेही ठोके जलदच लागतात. हे त्यांचं एकमेव शास्त्रीय विधान आणि नेमकं तेच चुकीच्या जागी पडलं.

दरम्यान रंगारी रोज येऊन अंगठा कार्डाच्या मध्ये ठेवून उभा राहत होता. बायको म्हणाली, पिवळा दे. रंगारी म्हणाला, पिवळ्या खोलीत बाळाला कावीळ झाली तर कळायची नाही. तिने पांढरा सुचवला. तेव्हा आमच्या इमारतीच्या सचिवांचा प्रवेश झाला.

सचिव हे आमच्याच मजल्यावर राहतात आणि शिक्का खिशात बाळगतात. ते म्हणाले, "पांढरा जिन्याला आहे. जिन्याचा रंग खासगी खोलीत वापरता येत नाही. उद्या कुणी म्हणेल, समितीचा डबा यांच्या घरात गेला. आणि मुळात परवानगी कुठे आहे?"

"रंग आतून द्यायचाय," मी म्हणालो.

"तुमची खिडकी दर्शनी बाजूला आहे. आतला रंग बाहेरून दिसतो. दिसतो तो दर्शनी."

मी अर्ज केला. तो परत आला, कारण मी 'खोली रंगवणे' लिहिलं होतं आणि नियमात 'रंगकाम' होतं. दुसरा अर्ज परत आला, कारण रंगाच्या रकान्यात मी 'अनिश्चित' लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी मी 'कारण' या शब्दापुढे 'बाळ' असं लिहिलं. सचिवांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "बाळ हे कारण नाही. तो परिणाम आहे." अखेर त्यांनीच तोडगा काढला. विषय समितीपुढे ठेवायचा.

सभा तळमजल्यावर टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती भरली. विषयपत्रिकेवर पहिला विषय पाण्याच्या टाकीची गळती हा होता. तो सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला आणि सगळे आमच्या खोलीकडे वळले. दहा मिनिटांत कुणाच्याही लक्षात न येता चर्चा रंगावरून बाळावर गेली. मग एकजण म्हणाला की प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय निर्णय घेणं जबाबदारीचं होणार नाही. बायकोला वरून बोलावण्यात आलं.

ती आली. टाकीची गळती पाहायला जमावं तसे सगळे तिच्याभोवती जमले. कुणी म्हणे पोट टोकदार आहे, कुणी म्हणे पसरट आहे. सगळ्यांत शेवटी वरच्या मजल्यावरचे हवामानकाका पुढे सरसावले. यांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर आकाश सोडून त्यांनी इतर विषय हाती घेतले होते. त्यांच्या अंदाजाचं वैशिष्ट्य असं की तो कधी चुकत नसे, कारण तो कधी पुरता एका बाजूला नसे. त्यांनी बायकोला खिडकीसमोर उभं केलं, स्वतः पूर्वेला गेले, पश्चिमेला गेले आणि म्हणाले, "उतार खालच्या बाजूला आहे. सत्तर टक्के मुलगा. तुरळक ठिकाणी मुलगी."

"बघून झालं असेल तर बसायला कुणी खुर्ची देईल का?" बायको म्हणाली. खुर्च्या सगळ्या सभासदांकडे होत्या. एकाने उठण्याची तयारी दाखवली, पण तेवढ्यात मतदान सुरू झालं आणि हात वर करायचा म्हणून तो बसून राहिला.

बहुमताने मुलगा ठरला. सचिवांनी सवयीने 'एकमताने' असं लिहिलं.

"माझं मत कुणी घेतलं?" बायकोने विचारलं.

"फ्लॅट तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे," सचिव म्हणाले. "मत त्यांचं धरतात."

मी मतदानात तटस्थ राहिलो होतो. मला त्या वेळी या गोष्टीचा थोडा अभिमानही वाटला होता. निळा रंग मंजूर झाला, त्याच्यावर शिक्का बसला आणि जिना चढताना बायको म्हणाली, "माझ्या चपला घट्ट झाल्यात रे." मी म्हणालो, "उद्या मोठ्या आणू." मी मनात ठरावातली वाक्यरचना दुरुस्त करत होतो.

आईला अर्थातच हा निर्णय मान्य नव्हता. बहुमताने बाळ ठरत नाही, असं तिचं म्हणणं. ते मला पटलंही, पण त्यापुढे तिने अंगठीचा प्रयोग सुचवला. अंगठी दोऱ्याला बांधून पोटावर धरायची. गोल फिरली तर मुलगी, सरळ रेषेत झुलली तर मुलगा. अंगठी नवऱ्याचीच लागते. सासूबाईंनाही हे मान्य होतं. त्या दोघींचं ज्या गोष्टींवर एकमत होई त्या नेहमी माझ्या अंगावर येत.

माझी अंगठी लग्नापासून बोटातून निघालेली नव्हती. लग्नानंतर मी थोडा भरलो आणि अंगठी होती तेवढीच राहिली. आधी साबण लावला. मग तेल. मग सासूबाईंनी बोट धरलं, आईने अंगठी धरली आणि दोघींनी परस्परविरुद्ध दिशांना जोर लावला. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच एका कामात एकत्र आल्या होत्या, म्हणून मी ओरडलो नाही. अंगठी निघाली. बोट टोमॅटोसारखं झालं.

निष्पक्ष निरीक्षक म्हणून हवामानकाकांना बोलावलं. त्यांनी पंखा बंद करायला लावला, खिडक्या लावायला लावल्या, कारण वाऱ्याचा वेग शून्य पाहिजे. बायको पलंगावर घामाघूम होऊन पडली. अंगठी पोटावर धरली. सगळ्यांनी श्वास रोखला. अंगठी जागची हलली नाही. बराच वेळ हलली नाही.

"बाळ झोपलंय," सासूबाई म्हणाल्या.

"उठवू का?" बायको म्हणाली. "पंखा लावा. माझे पाय बघा कसे झालेत."

खरंच पाय सुजले होते. बोटाने दाबलं तर खळगा राहत होता. "पाय सुजले म्हणजे मुलगा," सासूबाई म्हणाल्या, आणि हवामानकाकांनी टक्का पंचाहत्तरवर नेला. तेवढ्यात आईचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. मग एकच धावपळ. फ्रीजमधला बर्फ निघाला, रुमाल निघाला, रंगारीसुद्धा शिडीवरून उतरून पाहायला आला. सूज अंगावर काढू नये, असं त्याने सांगितलं. अशा प्रकारे माझ्या बोटाला बर्फ मिळाला आणि तिच्या पायांना मुलगा मिळाला.

निळं रंगकाम सुरू झालं. एक भिंत झाली, दुसरी झाली. पहिल्या दिवशी बायको म्हणाली डोकं दुखतंय. मी म्हणालो रंगाचा वास असेल, आणि खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली नाही. ही बाई तापातसुद्धा लॅबमधून एकदाही सुट्टी न घेतलेली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी त्या वेळी रंगाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून स्वतः खिडकीची चौकट रंगवायला घेतली होती आणि त्या कामात माझी निळ्या रंगाने काय अवस्था झाली, हा वेगळा विषय आहे.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे त्या खोलीत जमले होते. सासूबाई रंग पाहून समाधान मानत होत्या, आई रंग पाहून मान हलवत होती. हवामानकाका भिंत वाळायला किती वेळ लागेल याचा अंदाज देत होते. मी स्टुलावर ब्रश घेऊन उभा होतो. बायको दाराला टेकली.

"डोकं फार ठणकतंय," ती म्हणाली. "गोळीने थांबत नाही."

"डोकं दुखलं की मुलगाच," सासूबाई म्हणाल्या.

"डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत."

"काजवे म्हणजे मुलगी," आई म्हणाली. "माझ्या बहिणीला असंच व्हायचं."

"आणि चेहरा बघा माझा. सकाळी आरशात मलाच ओळखू आला नाही."

"तेज आहे ते," दोघी म्हणाल्या.

हवामानकाकांनी विचार केला. "डोकं आणि काजवे एकत्र असतील तर परिस्थिती संमिश्र म्हणावी लागेल."

"म्हणजे उरलेल्या भिंती निळ्याच करायच्या ना?" मी स्टुलावरून विचारलं. सगळ्यांनी आपापली भर घातली होती, मी माझी घातली.

बायकोने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. तिने पर्स घेतली. दारात तिच्या चपला तिच्या पायांत जाईनात, तेव्हा तिने माझ्या चपला घातल्या. मग वळून म्हणाली, "मी दवाखान्यात जातेय. तुमचं ठरलं की फोन करा."

मी ब्रशसकट खाली धावलो. अनवाणी. टॅक्सीवाल्याने ब्रश आत न्यायला नकार दिला, म्हणून तो मी सचिवांच्या टपालपेटीवर ठेवला. त्याचे डाग हा पुढे स्वतंत्र पत्रव्यवहाराचा विषय झाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, काटा पाहिला, परत बांधला, परत पाहिला. मग शांतपणे नर्सला काहीतरी सांगितलं आणि नर्स धावत गेली. डॉक्टर शांत आणि नर्स धावते, हे चिन्ह मला कुणी न सांगता कळलं.

"हे कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस."

"डोकेदुखी, सूज, डोळ्यांपुढे चमकणं, सगळं?"

"हो."

"मग आला का नाहीत?"

मी खरं ते सांगितलं. "आम्हाला वाटलं मुलगा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या निळ्या हातांकडे, मग अनवाणी पायांकडे. "हा मुलगा नाही," त्या म्हणाल्या. "हा रक्तदाब आहे. ही लक्षणं बाळाची नसतात हो, आईची असतात. आणखी थांबला असतात तर दोघांच्या जिवावर बेतलं असतं. अजूनही धोका आहेच. बाळ आजच बाहेर काढावं लागेल."

बायको पलंगावर डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "ऐकलंस ना?" मी म्हणालो, ऐकलं. मग तिला आत नेलं आणि मला खिडकीपाशी कागद भरायला पाठवलं.

खिडकीतल्या बाईंनी नाव, वय, पत्ता विचारला. मग न बघता विचारलं, "लिंग?"

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "पेशंट तुमच्या मिसेस ना?"

"हो."

"मग स्त्री लिहू?"

मी होकार दिला. मागे रांगेत कुणीतरी हसलं. एरवी मी आठवडाभर मनाला लावून घेतलं असतं. त्या वेळी मला ते ऐकू आलं आणि पुढे काहीच झालं नाही.

तासाभरात सगळे येऊन बाकावर बसले. आई, सासूबाई, हवामानकाका आणि, का कोण जाणे, सचिवसुद्धा. सासूबाईंच्या हातात लेकीच्या चपला होत्या. लागतील म्हणून आणल्या, असं त्या म्हणाल्या, आणि त्या पायांत गेल्याच नव्हत्या हे आठवून त्यांनी चपला बाकाखाली ठेवल्या. मी डॉक्टर जे म्हणाल्या ते सांगितलं. आई माझ्या हातावरचा निळा रंग नखाने खरवडत बसली. कुणी कुणाला दोष दिला नाही, कारण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न होता.

मला भीती वाटत होती. असल्या गोष्टीत हे सांगायचं नसतं, पण वाटत होती. पोट खाली आलंय की वर गेलंय हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या पोटाच्या वर एक माणूस आहे आणि ते चार दिवस काहीतरी सांगतंय, हे ऐकायला घरात एकही कान मोकळा नव्हता.

"काका," मी म्हणालो, "काय वाटतं तुम्हाला?"

हवामानकाकांनी बंद दाराकडे पाहिलं. "अंदाज नाही," ते म्हणाले. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून टक्क्यांशिवाय बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मग दार उघडलं. नर्सने डोकं बाहेर काढलं, "झाली," असं म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाकावरून आई हळूच म्हणाली, "मुलगी."

सासूबाईंनी डोळे पुसले. "असू दे. मुलगी तर मुलगी." सचिवांनी खिसा चाचपला आणि ठरावाचं काय करायचं, असं स्वतःशीच पुटपुटले.

मी मात्र उभा राहून त्या एका शब्दाशी झगडत होतो. झाली. स्त्रीलिंगी, एकवचनी, कर्ता गाळलेला. मुलगी झाली असेल. डिलिव्हरी झाली असेल. शस्त्रक्रिया झाली असेल. भाषा इतकी वर्षं माझ्या हाताखाली होती आणि ऐन वेळी तिने मला दारात उभं केलं. मी दार ढकललं. नर्स समोरच होती.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"काचेच्या पेटीत ठेवलंय. वजन कमी आहे, पण रडणं चांगलं आहे."

"ते नव्हे. ती."

नर्सला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. "अच्छा, त्या होय. या इकडे."

बायको एका पडद्यामागे होती. दंडाला पट्टा तसाच होता आणि उशाशी यंत्रावर आकडे बदलत होते. मी आकडे वाचायला लागलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी ते इतके बारकाईने वाचले की जन्मात कुठलं प्रूफ वाचलं नसेल. नर्स म्हणाली, उतरलाय, आता काळजी नाही. मी परत विचारलं. ती परत म्हणाली, उतरलाय.

बायकोने डोळे उघडले. "काय ठरलं तुमचं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू म्हणशील ते."

"मग जरा वेळ गप्प बस इथे."

मी बसलो. तिने माझा हात धरला. बोट अजून दुखत होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

बाहेर आलो तेव्हा चौघेही उभे राहिले. जे मनात होतं तेवढंच तोंडातून आलं. "उतरला."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उतरला?" आई म्हणाली. "अरे, आत्ता ती नर्स झाली म्हणाली ना?"

"म्हणजे मुलगा?" हवामानकाकांनी विचारलं.

"रक्तदाब," मी म्हणालो. "झाली ती डिलिव्हरी. उतरला तो रक्तदाब. ती बरी आहे."

सासूबाई मटकन बाकावर बसल्या. चपला मांडीवर घेतल्या, त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं." इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा नपुंसकलिंगी बोलल्या.

नंतर कुणीतरी बाळाचं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पाहायचं राहूनच गेलं होतं. मी नर्सला विचारलं. मुलगी होती. माझ्या अपेक्षेविरुद्ध आईने विजयाची घोषणा केली नाही. ती सासूबाईंशेजारी बसली आणि दोघींनी मिळून एक चप्पल पुसली. हवामानकाका मात्र परत निघताना जिन्यावर मला हळूच म्हणाले, "तुरळक ठिकाणी म्हटलंच होतं मी."

खोली आजही दोन भिंती निळ्या आणि दोन भिंती नुसत्या पुट्टी भरलेल्या अशी आहे. मुलगी तिच्यात मजेत झोपते. सचिवांच्या मते ठराव मुलाचा आणि प्रत्यक्षात मुलगी ही विसंगती आहे आणि ती दूर करायला नवी सभा लागते. सभा झाली. टाकीची गळती पुन्हा पुढे ढकलली. गुलाबी की जांभळट यावर हात वर व्हायला लागले तेव्हा मी उठलो, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणालो, "तुमचं ठरलं की फोन करा." फोन अजून आलेला नाही.

रक्तदाब उतरला तरी काही आठवडे रोज बघत राहायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हवामानकाकांनी त्यासाठी यंत्र आणून दिलं आणि स्वतःला नेमून घेतलं. रोज सकाळी ते पट्टा बांधतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. अंदाज करत नाहीत. परवा बायको म्हणाली, जरा डोकं जड वाटतंय. सासूबाई, आई आणि काका तिघेही एकदम उठले आणि कुणीही काहीही बोललं नाही. डोकं नुसतं झोप न झाल्याने जड होतं. तिच्या जुन्या चपला तिला आता बसतात आणि माझ्या मला परत मिळाल्या आहेत, थोड्या सैल झालेल्या.

काल रक्तदाब काकांऐवजी मीच मोजला होता आणि पोस्टमन दारात उभा असताना काका जिना उतरत होते. त्यांनी वरूनच विचारलं, "काय हो, तो कसा आहे आज?"

"अगदी शांत," मी म्हणालो.

"आणि ती?"

"रात्रभर रडत होती. आत्ता झोपलीय."

पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं आणि तोंड भरून हसला. "जुळं झालं म्हणा की साहेब. अभिनंदन."

चूक उघड होती. मी तोंड उघडलं, आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला, आणि मी ती तशीच जाऊ दिली.